सुरत असेल किंवा नवसारी असेल तर

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. चहाच्या वेळी एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि तोवर चहा गार. आमच्याकडे तर त्यांना तोटाच नाही, कारण आमचं कामच मुळी दिवसभर कॉम्प्युटरला ‘असं असेल तर तसं कर’ हे समजावण्याचं. माणसाला असं वाक्य सांगितलं की तो आपल्या मनातलं ओळखतो. कॉम्प्युटर फक्त आपण बोललो तेवढंच ऐकतो. मनातलं आणि बोललेलं यांच्यामध्ये जी फट राहते ना, त्या फटीतून आमचे सगळे किस्से बाहेर येतात.

आमचं ऑफिस सुरतेत, उधना दरवाज्याजवळ, एका लेसच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. साडीवाले, डाइंगच्या मिल, शाळा, समाजाची मंडळं, अशा सगळ्यांच्या वेबसाइट आम्ही करतो. मालक हेमलभाई. कोड लिहितात मितेश आणि रूपाली. मी टेस्टर, म्हणजे या दोघांनी केलेलं मोडून दाखवायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. पप्पा लूमवर कामाला म्हणून आले आणि इथल्या गोडादरा भागातच राहिले. घरात अहिराणी, ऑफिसात गुजराती, भांडण झालं की हिंदी. नाव वैशाली, पण सुरतेत कोणी नुसतं वैशाली म्हणत नाही. मी वैशालीबेन.

* * *

पहिला किस्सा गुवाहाटीचा.

रिंग रोडच्या मार्केटात किशोरभाई म्हणून साड्यांचे व्यापारी आहेत. त्यांची वेबसाइट आमच्याकडे. दिवाळीच्या आधी त्यांनी सांगितलं, गिऱ्हाईक सुरत, नवसारी किंवा बारडोलीचं असेल तर पार्सलचा खर्च घ्यायचा नाही. सोपी गोष्ट. मितेशने लिहिलं, गाव बरोबर ‘सुरत’ ऑर ‘नवसारी’ ऑर ‘बारडोली’ असेल तर फुकट. मी त्या आठवड्यात रजेवर होते, म्हणून टेस्टिंगही त्यानेच केलं. सुरत टाकून बघितलं, फुकट. नवसारी, फुकट. बारडोली, फुकट. तो खूश होऊन घरी गेला.

मी कामावर परतले त्याच सकाळी किशोरभाईंचा फोन.

“वैशालीबेन, एक वात कहो. गुवाहाटी सुरतमां क्यारे आव्युं?” म्हणजे, गुवाहाटी सुरतेत कधी आलं?

मी म्हटलं, “का हो?”

“गुवाहाटीला फुकट चाललंय. जम्मूला फुकट चाललंय. तुमच्या वेबसाइटला अख्खा भारतच बारडोली वाटतोय.”

मितेशने कोड उघडला आणि डोक्याला हात लावला. झालं होतं असं, की आपण बोलताना ‘गाव सुरत किंवा नवसारी असेल तर’ म्हणतो. ऐकणारा समजतो की दोन्हीकडे गावाबद्दलच चाललंय. कॉम्प्युटरला मात्र प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य लागतं. गाव सुरत असेल, किंवा गाव नवसारी असेल, किंवा गाव बारडोली असेल. मितेशने ‘गाव’ एकदाच म्हटलं होतं. मग कॉम्प्युटरने नुसतं ‘नवसारी’ वाचलं, रिकामं नाहीये ना, काहीतरी आहे ना, मग खरंच असणार, असं धरलं, आणि सगळ्यांना हो म्हणत सुटला.

चूक पाच मिनिटांत दुरुस्त झाली. प्रश्न आधी आलेल्या ऑर्डरींचा होता. हेमलभाई म्हणाले, गिऱ्हाइकांना फोन करून खर्च मागू या. किशोरभाई नको म्हणाले.

“स्क्रीनवर फुकट लिहिलं म्हणजे मीच बोललो. बोललो ते बोललो.”

सगळी पार्सलं त्यांनी फुकट पाठवली. गुवाहाटीच्या बाईंना साडी इतकी आवडली की पुढच्या महिन्यात त्यांच्या कॉलनीतल्या बायकांची एकत्र ऑर्डर आली, या वेळी पार्सलचा खर्च भरून. त्या दिवशी किशोरभाईंचा पुन्हा फोन. “मितेशला सांगा, एखादी चूक अजून असेल तर करू दे.”

* * *

रूपाली आमच्याकडे आली तो इंटरव्ह्यूही सांगण्यासारखा आहे.

हेमलभाई इंटरव्ह्यूला आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारतात. स्क्रीनवर दोन नावं दाखवतात. वर ‘रमेश’, खाली ‘रमेश’. म्हणतात, कॉम्प्युटर सांगतोय ही दोन नावं सारखी नाहीत. का? उत्तर असं, की दुसऱ्या ‘रमेश’च्या पुढे एक मोकळी जागा पडलेली आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण कॉम्प्युटरला ती अक्षरासारखीच. नाव टाइप करून झालं की हात सवयीने स्पेस दाबतो, आणि मग लॉगिन होत नाही म्हणून लोक आम्हाला फोन करतात.

बहुतेक जण गडबडतात. कोणी म्हणतं कॉम्प्युटर खराब असेल. एकाने तर रमेशचं आधार कार्ड मागितलं.

रूपाली तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. तिचे वडील पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, गाव धुळ्याकडचं. तिने दोन्ही नावांकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाली, “सर, दुसरा रमेश नाव सांगून झाल्यावर श्वास घ्यायला थांबलाय.”

हेमलभाईंनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. म्हणाले, “सोमवारपासून ये.”

* * *

पांडेसऱ्यातल्या एका मिलसाठी आम्ही हजेरीचं काम केलं होतं. कामगार आला नाही की त्याच्या फोनवर आपोआप मेसेज जायचा, ‘आज आपण गैरहजर आहात, कारण कळवा.’ ज्याची रजा मंजूर आहे किंवा ज्याची साप्ताहिक सुट्टी आहे, त्याला मात्र मेसेज जाता कामा नये. मितेशने लिहिलं, नोंद ‘रजा’ नसेल ऑर ‘सुट्टी’ नसेल, तर मेसेज पाठव.

वाचायला किती बरोबर वाटतं. मलाही वाटलं असतं. पण मी टेस्टिंग सुरू करण्याआधीच मिलच्या मॅनेजरने घाई करून ते चालू करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिलच्या नंबरवर एक फोटो आला. मुंडावळ्या बांधलेला, हळदीने पिवळा झालेला एक माणूस, शेजारी नवरी, मागे करवल्या. खाली लिहिलेलं, ‘साहेब, हजर आहे, पण मांडवात. रजा तुम्हीच दिली होती.’

मॅनेजरने तो फोटो हेमलभाईंना पाठवला, हेमलभाईंनी आम्हाला दाखवला. मितेश म्हणाला, “पण मी रजा वगळलीये. हे बघा, रजा नसेल ऑर सुट्टी नसेल.”

हेमलभाई कांदा-लसूण न खाणारे. ते खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

“मितेश, समज तू मला घरी जेवायला बोलावलंस. मी तुला सांगितलं, कांदा नसेल किंवा लसूण नसेल, तर मी जेवीन. तू काय करशील?”

“दोन्ही घालणार नाही.”

“तू नाही घालणार, कारण तू मला ओळखतोस. पण तुझ्या घरी कॉम्प्युटर स्वयंपाक करत असेल तर तो भाजीत भरपूर लसूण घालेल आणि म्हणेल, जेवा हेमलभाई, कांदा नाहीये ना? एक तरी नाहीये, म्हणजे तुमची अट पूर्ण झाली.”

मितेशने मान डोलावली. जो रजेवर आहे तो सुट्टीवर नाही, जो सुट्टीवर आहे तो रजेवर नाही. प्रत्येक माणसाचं काहीतरी एक ‘नसतंच’, म्हणून मेसेज सगळ्यांना. तिथे ‘ऑर’ काढून ‘अँड’ घातला आणि सगळं शांत झालं. ‘नाही-नाही असेल तर मध्ये आणि’ हे आता आमच्या ऑफिसात पाढ्यासारखं पाठ आहे.

मिलने त्या नवरदेवाची माफी मागितली आणि आहेर म्हणून रजा वाढवून दिली. त्याचं उत्तर आलं, ‘आभारी आहे. एवढी नको होती, सासरवाडी लहान आहे.’

* * *

एक अगदी छोटा. मितेशचा साखरपुडा झाला त्या दिवसांतला.

मितेश दुपारी फोन हातात घेऊन बसलेला, तोंड उतरलेलं. मी विचारलं तर म्हणाला, “वैशालीबेन, ‘ओके’ आणि ‘के’ सारखंच ना?”

त्याने होणाऱ्या बायकोला कळवलं होतं की रविवारी यायला जमणार नाही. एरवी ती ‘ओके’ लिहायची, पुढे एक हसरा चेहरा. आज नुसतं ‘के’.

मी म्हटलं, “अर्थ तोच की रे.”

रूपालीने मान वर न करता विचारलं, “दोन्ही शब्द कॉम्प्युटरला दिलेस तर काय सांगेल?”

“सारखे नाहीत, असं सांगेल.”

“मग त्याचं ऐक.”

मितेश रविवारी गेला. सोमवारी दुपारी त्याच्या फोनवर ‘ओके’ आला, पुढे दोन हसरे चेहरे.

* * *

आता गोडादऱ्याचा, म्हणजे आमच्या घरचाच.

घरपोच किराणा देणाऱ्या एका दुकानाची वेबसाइट आमच्याकडे होती. आपला भाग टाइप करायचा, तिथे त्यांची गाडी जात असेल तर ऑर्डर पुढे सरकायची. पप्पांना मी मोठ्या हौसेने सांगितलं, घरबसल्या मागवा. त्यांनी चष्मा लावून, एक एक अक्षर शोधत भाग लिहिला. उत्तर आलं, ‘क्षमस्व, हा भाग सुरतमध्ये सापडला नाही.’

पप्पा आईला म्हणाले, “अवं, आपन ऱ्हातस कोठे?” म्हणजे, अगं, आपण राहतो कुठे? सगळी उमर ज्या भागात गेली तो भागच नाही म्हणतोय हा.

मी मितेशला सांगितलं. त्याच्या कोडमध्ये गोडादरा होतं, पण इंग्रजीत, एकाच स्पेलिंगने. पप्पांनी एक ‘ए’ कमी घातला होता. मितेश म्हणाला, लोक अजून कसं कसं लिहितात ते बघून येतो, सगळी स्पेलिंगं ‘ऑर’ लावून जोडून टाकतो. स्कूटर काढली आणि गोडादऱ्यात दुकानांच्या पाट्या वाचत फिरला. संध्याकाळी आमच्याच घरी चहाला आला, घामाघूम. मेडिकलवर एक स्पेलिंग, शेजारच्या ट्यूशन क्लासवर दुसरं, समोर सलूनवर तिसरं. एका डॉक्टरांच्या पाटीवर एक आणि त्यांच्याच औषधाच्या चिठ्ठीवर वेगळं. वर कोणी गुजरातीत लिहिणार, कोणी मराठीत.

पप्पा म्हणाले, “भाऊ, यातलं बरोबर कोणतं?”

मितेश म्हणाला, “काका, टपाल सगळ्यांना पोचतं.”

शेवटी टाइप करायची भानगडच काढून टाकली. नकाशा दिला, आपल्या घरावर बोट ठेवायचं. पप्पांनी बोट ठेवलं आणि गूळ, शेंगदाणे, मेथी मागवली. सामान आलं तेव्हा पिशवीवर दुकानदाराने पेनने भाग लिहिला होता. त्याचंही स्पेलिंग वेगळंच.

* * *

आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा असतो, खानदेशातून सुरतेत आलेल्या लोकांचा. मुलं-मुली बघायचं निमित्त, खरं आकर्षण दुपारच्या वरण-बट्टीचं आणि वांग्याच्या भाजीचं. मंडळाचे सचिव भास्करकाका. निवृत्त माणूस, पण मेळावा जवळ आला की त्यांची झोप उडते. या वेळी निमंत्रण वेबसाइटवर टाकलं, आणि खाली प्रश्न, ‘येणार का?’

रूपाली म्हणाली, “काका, हो आणि नाही अशी दोन बटणं देते.”

भास्करकाका ऐकेनात. “बटण काय दाबायचं? माणसाला मनासारखं दोन शब्द लिहू दे.”

म्हणून लिहायला मोकळी जागा ठेवली. कोडमध्ये अट अशी, की उत्तर ‘हो’ असेल किंवा उत्तर ‘येस’ असेल तर येणाऱ्यांत धर, नाहीतर न येणाऱ्यांत.

मेळाव्याला थोडे दिवस राहिले असताना भास्करकाका ऑफिसात आले. चेहरा पांढरा पडलेला. आचाऱ्याला आकडा द्यायचा म्हणून त्यांनी वेबसाइट उघडली, तर येणारे मूठभर आणि न येणारे शेकड्यांनी.

खुर्चीवर बसले आणि मला हळूच म्हणाले, “समाज फुटला का गं? कोणी काही बोललं का माझ्याबद्दल? माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं होतं.”

माझ्याने त्यांच्याकडे बघवेना. रूपालीने त्यांची खुर्ची आपल्या शेजारी ओढली, पाणी दिलं आणि लोकांनी लिहिलेली उत्तरं एकेक करून मोठ्याने वाचायला लागली.

“‘हाव.’”

“हा शिंदखेड्याचा नाना. हाव म्हणजे येतोय.”

“‘येसू ना भो.’”

“येतोय.”

“‘आवीश.’”

“त्याची बायको गुजराती आहे. दोघं येतायत.”

“‘सहकुटुंब.’ ‘आना ही है.’ ‘बट्टी असेल तर.’ ‘का नाही येणार?’”

शेवटचं वाचून रूपाली थांबली. म्हणाली, आता मी ‘नाही’ शब्द शोधून नकार मोजले, तरी हा माणूस न येणाऱ्यांतच जाईल आणि आयुष्यभर रुसेल.

वाचता वाचता भास्करकाकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. प्रत्येक उत्तराला ते माणूस ओळखत होते, त्याचं गाव सांगत होते, त्याच्या आजीचं नाव सांगत होते. आम्ही सगळेच काम टाकून ऐकत बसलो. मग एक उत्तर आलं, ‘बघू.’

रूपालीने विचारलं, “काका, हा कशात धरू? येणाऱ्यांत की न येणाऱ्यांत?”

भास्करकाका म्हणाले, “बघू म्हणजे अख्खं घर येतंय, वर पाहुणेही. पोरी, दोन बट्ट्या जास्तच धर.”

मेळाव्यात बट्टी पुरली. थोडी उरलीही, ती डब्यात भरून भास्करकाका स्वतः ऑफिसात घेऊन आले.

* * *

किशोरभाईंच्या साड्यांच्या वेबसाइटवर आम्ही पुढे चॅटबॉट बसवला, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारी सोय. रूपालीने त्याच्या अटी लिहिल्या. मेसेज ‘भाव’ असेल किंवा ‘रेट’ असेल किंवा ‘किंमत’ असेल तर किंमत सांग. ‘रंग’ असेल किंवा ‘कलर’ असेल तर रंग दाखव. ‘माप’ असेल तर माप सांग. यातलं काहीच नसेल तर म्हण, ‘माफ करा, मला समजलं नाही. भाव, रंग किंवा माप लिहा.’

काही दिवसांनी मी मेसेज तपासत होते, तर नंदुरबारकडच्या एका बाईंचे मेसेज दिसले. साडी त्यांची कधीच घेऊन झाली होती. तरी रोज दुपारी त्यांचा एक मेसेज. ‘जेवनी का व माय?’ म्हणजे, जेवलीस का गं बाई?

बॉट उत्तर द्यायचा, ‘माफ करा, मला समजलं नाही. भाव, रंग किंवा माप लिहा.’

त्या लिहायच्या, ‘बरं.’

दुसऱ्या दुपारी पुन्हा, ‘जेवनी का व माय?’

मी ते रूपालीला दाखवलं. तिने सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. हेमलभाई म्हणाले, बाईंना वाटत असेल पलीकडे कोणी मुलगी बसलेय, त्यांना फसवल्यासारखं होईल, खरं काय ते सांगून टाक. रूपालीने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. म्हातारा, पण खणखणीत आवाज. रूपालीने अहिराणीत समजावलं की आजी, तिथे कोणी माणूस नाही, मशीन उत्तर देतं.

“माले माहीत शे,” त्या म्हणाल्या. “नातूनी सांगं व्हतं. पन इचाराले काय जास व माय?”

मला माहीत आहे, नातवाने सांगितलं होतं, पण विचारायला काय जातं.

रूपालीने त्याच दिवशी कोडमध्ये एक नवी अट घातली. मेसेज ‘जेवनी का’ असेल, किंवा ‘जेवनी का व’ असेल, किंवा ‘जेवनी का व माय’ असेल, किंवा ‘जेवलीस का’ असेल, तर उत्तर दे, ‘हाव आजी, जेवनू. तुम्ही जेवनात का?’ साड्यांच्या दुकानाच्या कोडमध्ये ती ओळ बघून मितेश हसला, पण काढ म्हणाला नाही. किशोरभाईंना विचारलं तर म्हणाले, राहू द्या.

मग रोज दुपारी ते चालू झालं. आजी विचारायच्या, बॉट हाव म्हणायचा, आजी काय भाजी केली ते लिहायच्या. भाजीला बॉट म्हणायचा, ‘मला समजलं नाही, भाव, रंग किंवा माप लिहा,’ आणि आजी म्हणायच्या, ‘बरं.’

एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. रूपालीने डबा उघडला, पहिला घास मोडला आणि सहज डाव्या हाताने स्क्रीनवर ते मेसेज उघडले. बघत राहिली. मी वाकून बघितलं.

नेहमीप्रमाणे आजींनी विचारलं होतं, ‘जेवनी का व माय?’ बॉटने म्हटलं होतं, ‘हाव आजी, जेवनू. तुम्ही जेवनात का?’

खाली आजींचं उत्तर होतं, ‘आज एकादशी शे ना व माय. तरी जेवनी?’

रूपाली कधी एकादशी करत नाही. तिने हातातला घास डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा मितेशकडे सरकवला.